परभणी जिल्ह्यातील व्हीगन आहार

व्हीगन आहार म्हणजे मांस, मासे व अंडी यांबरोबरच दूध, दही, तूप आणि मध हे प्राणिजन्य पदार्थही वर्ज्य करणारा आहार होय. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात ज्वारी, डाळी व तेलबिया हा रोजच्या जेवणाचा पाया असल्याने तेथील अनेक पारंपरिक पदार्थ मुळातच या व्याख्येत बसतात. मात्र रूढ शाकाहारात दुग्धजन्य पदार्थांना मानाचे स्थान असल्याने तो व्हीगन आहाराहून वेगळा ठरतो.

संज्ञा व प्रसार

'व्हीगन' ही संज्ञा १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन म्हणून पाळला जातो. प्राण्यांविषयीची करुणा, पर्यावरणरक्षण आणि आरोग्य ही या आहाराच्या वाढत्या आकर्षणामागील प्रमुख कारणे आहेत. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. पुढे गंभीर आजारपणात त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम लागू केले.

स्थानिक पदार्थ

गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत ज्वारी, तूर, हरभरा, मूग, सोयाबीन व करडई ही पिके घेतली जातात. ज्वारीची भाकरी, पिठले, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, ठेचा, तसेच शेंगदाणे, तीळ, जवस व कारळ यांच्या चटण्या हे पदार्थ तेलाच्या फोडणीवर किंवा तेलाविनाही होतात. हिवाळ्यातील हुरडाही चटणीबरोबर खाल्ला जातो. याउलट दुधाचा चहा, कढी, ताक घालून केलेली आंबील आणि पुरणपोळीवरील तूप हे पदार्थ व्हीगन आहारात बसत नाहीत.

पोषण

ज्वारीत लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाचे प्रमाण कमी, तर डाळींत पुरेसे असते. डाळींत कमी असलेले मेथिओनिन धान्यांतून मिळते. त्यामुळे भाकरी व वरण किंवा पिठले यांच्या जोडीतून प्रथिनांची गुणवत्ता वाढते. तीळ व हिरव्या पालेभाज्यांतून कॅल्शियम मिळते. वनस्पतिजन्य लोहाचे शोषण तुलनेने कमी होते. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास ते वाढते, तर जेवणासोबतच्या चहामुळे घटते. जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. दूध बंद केल्यावर त्याचा नेहमीचा स्रोतही तुटतो. म्हणून व्हीगन व्यक्तींनी, विशेषतः गर्भवती व स्तनदा मातांनी, ब-१२ युक्त पूरके किंवा समृद्ध केलेले अन्न घेणे आवश्यक असते. दीर्घकाळच्या कमतरतेने रक्तक्षय व मज्जासंस्थेचे विकार होऊ शकतात.

कृषी संशोधन

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे संशोधन या आहाराशी थेट संबंधित आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने विकसित झालेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे जैवसमृद्ध वाण २०१८ मध्ये प्रसारित झाले. त्यात दर किलोग्रॅममागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असते. सर्वसाधारण वाणांत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ३० व २० मिलिग्रॅम असते. विद्यापीठाने 'एमएयूएस ७१' व 'एमएयूएस १५८' ही सोयाबीनची वाणेही दिली आहेत. सोयाबीनपासून दुधासारखे पेय व टोफू तयार होत असले, तरी या पिकाचा बहुतांश भाग तेल व पशुखाद्यासाठी वापरला जातो.