लष्करी कायदा आणि अटकेचे अधिकार : सोलापूरचा धडा

लष्करी कायदा, म्हणजेच 'मार्शल लॉ', हा शब्द मराठी वाचकांना बहुधा परदेशी बातम्यांतून भेटतो. परंतु महाराष्ट्रातील एका शहराने तो प्रत्यक्ष अनुभवला आहे. १२ मे ते ३० जून १९३० असे सुमारे सात आठवडे सोलापूर शहर लष्कराच्या ताब्यात होते. नागरिकाला पकडण्याचा, डांबून ठेवण्याचा आणि शिक्षा देण्याचा अधिकार एकाच हातात गेला म्हणजे काय होते, याचे ते जवळचे उदाहरण होय.

कायदा की सेनापतीची इच्छा?

'लष्करी कायदा' या नावात कायदा असला, तरी तो विधिमंडळाने संमत केलेला एखादा अधिनियम नव्हे. लष्करातील शिस्तीसाठी असलेला सैन्य अधिनियम वेगळा. तो सैनिकांना लागू होतो. लष्करी कायदा नागरिकांवर लादला जातो, आणि त्याचा आधार एवढाच, की मुलकी सत्ता कोलमडली असून सुव्यवस्था परत आणण्यास दुसरा मार्ग उरलेला नाही. असईच्या लढाईत (१८०३) मराठी फौजांशी लढलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने पुढे ब्रिटिश संसदेत लष्करी कायदा म्हणजे सेनापतीची इच्छा, याहून अधिक काही नाही, अशा अर्थाची व्याख्या केली होती. पुढील काळातील विधिज्ञांनाही तिचा वारंवार आधार घ्यावा लागला.

सोलापुरात काय घडले?

मिठाच्या सत्याग्रहात महात्मा गांधींना ५ मे १९३० रोजी अटक झाली आणि गिरणी कामगारांच्या या शहरात असंतोष उसळला. ८ मे रोजी दारूबंदीच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून शिंदीची झाडे तोडण्यासाठी रूपाभवानी परिसरात मोठा जमाव गेला. अटका झाल्या, वातावरण तापले, पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात पोलीस शिपाई मारले गेले. न्यायालयाच्या इमारतीलाही आग लावण्यात आली. त्यानंतरचे काही दिवस शहरात सरकारी सत्ता जवळपास दिसत नव्हती आणि काँग्रेसचे स्वयंसेवक व्यवस्था पाहत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी १५ मे रोजी 'सोलापूर मार्शल लॉ वटहुकूम' (१९३० चा चौथा) काढून त्याला कायदेशीर पाठबळ दिले. आधी घोषणा आणि मागाहून वटहुकूम, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

अधिकार कसे वाढत गेले?

सामान्य फौजदारी व्यवस्थेत अटकेच्या मार्गात चार टप्पे असतात. गुन्हा कोणता हे विधिमंडळ ठरवते. अटक पोलीस करतात. अटकेतील व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. ही तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. खटला चालवणारा न्यायाधीश पोलिसांच्या हाताखालचा नसतो आणि त्याच्या निकालावर अपील करता येते. या चार हातांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचे, ही नागरिकाच्या स्वातंत्र्याची खरी हमी.

लष्करी अमदानीत हे चारही हात एक होतात. सोलापुरात लष्करी अधिकाऱ्यांनी नियम जारी केले. ते मोडणे हा गुन्हा ठरला. पकडणारे सैनिक लष्कराचे, शिक्षा सुनावणारी न्यायालयेही लष्कराचीच. १९३० च्या एप्रिलमध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर जो काँग्रेसचा तिरंगा फडकला होता, तो मिरवणे आता तुरुंगवासाला कारण ठरू लागले. गांधी टोपी घातलेल्यांना अडवून टोप्या उतरवायला लावल्याच्या आठवणी सोलापुरात आजही सांगितल्या जातात. रामकृष्ण जाजू आणि तुळशीदास जाधव या काँग्रेस नेत्यांना कारावास भोगावा लागला.

जाळपोळ थांबवण्यासाठी आलेला अधिकार डोक्यावरच्या टोपीपर्यंत पोहोचला. दंगलखोराला अटक करणे ही सुव्यवस्थेची गरज मानता येईल. निशाण बाळगणाऱ्याला अटक करणे हे राजकीय मत दडपण्याचे साधन आहे. दोहोंमधील रेषा आखणारा तिसरा कोणी उरला नाही, की ती रेषा पुसट होत जाते.

चार हुतात्मे आणि लष्करी न्यायालय

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांना लष्करी न्यायालयाने फासावर चढवले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पोलिसांच्या खुनाचा खटला नेहमीच्या सत्र न्यायालयात चालला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या न्यायाविषयीचा रोष वेगळा. परंतु लष्करी न्यायालयांनी दिलेल्या शिक्षा हा स्वतंत्र विषय होता.

उच्च न्यायालयाचा निर्णय

त्या शिक्षांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. 'चनप्पा शांतीरप्पा विरुद्ध सम्राट' या नावाने ते प्रकरण विधी वाङ्मयात प्रसिद्ध आहे. मुख्य न्यायमूर्ती ब्यूमाँट यांच्यासह न्या. मडगावकर आणि न्या. ब्लॅकवेल यांच्या पूर्णपीठाने ते ऐकले. लष्करी कायदा पुकारण्याइतकी परिस्थिती खरोखर होती का, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे तत्त्व पीठाने मान्य केले. मात्र १२ मे रोजी तशी परिस्थिती होती, असा निष्कर्ष काढून अर्जदारांना दिलासा नाकारला. तत्त्व नागरिकाच्या बाजूचे आणि निकाल सरकारच्या बाजूचा, असे या निर्णयाचे स्वरूप राहिले.

पंजाब आणि मलबार

सोलापूरच्या आधी दोन ठिकाणचा अनुभव देशापुढे होता. पंजाबात एप्रिल १९१९ मध्ये, जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर, लष्करी कायदा लागू झाला. अमृतसरच्या एका गल्लीतून लोकांना सरपटत जाण्यास भाग पाडणारा जनरल डायरचा हुकूम त्याच काळातला. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्यासमवेत मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर होते. त्याच वर्षी सरकारने संरक्षण देणारा कायदा करून, सद्‌हेतूने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यांवरील दाव्यांची वाट बंद केली.

मलबारात १९२१ च्या मोपला उठावाच्या वेळी लष्करी कायदा होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिरूरहून बंद मालडब्यात कोंडून नेलेल्या कैद्यांपैकी सुमारे ७० जण गुदमरून मरण पावले. अटकेनंतर माणूस कोठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे विचारणारा दंडाधिकारी का हवा, याचे यापेक्षा भीषण उत्तर नाही.

नाव न घेता तेच अधिकार

१९४२ मध्ये सरकारने निराळा मार्ग निवडला. 'भारत छोडो' आंदोलन पेटताच १५ ऑगस्ट रोजी 'सशस्त्र दल विशेषाधिकार वटहुकूम' निघाला. लष्करी कायदा न पुकारताही ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्यांना बळाच्या वापराचे विशेष अधिकार मिळाले. त्याच महिन्यात विदर्भातील चिमूरमध्ये उठावानंतर लष्कर शिरले. तेथील अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केले.

या वटहुकमाचाच साचा स्वतंत्र भारतात १९५८ च्या 'अफ्स्पा' कायद्याला मिळाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार 'अशांत' घोषित क्षेत्रात सैनिक वॉरंटशिवाय अटक करू शकतात. परंतु पाचव्या कलमानुसार अटकेतील व्यक्तीला शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्याच्या स्वाधीन करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा कायदा वैध ठरवला. मात्र अशांत क्षेत्राच्या घोषणेचा दर सहा महिन्यांनी फेरविचार झाला पाहिजे आणि लष्कराने आपल्या जवानांसाठी आखलेली आचारसूत्रे बंधनकारक आहेत, असेही बजावले.

आज राज्यघटना काय सांगते?

भारतीय राज्यघटनेत लष्करी कायद्याची व्याख्या नाही. तो कोणी व केव्हा पुकारावा हेही लिहिलेले नाही. अनुच्छेद ३४ मध्ये केवळ उल्लेख आहे : असा कायदा अमलात असलेल्या क्षेत्रातील कृत्यांना संसद नंतर संरक्षण देऊ शकते. राज्यघटना अमलात आल्यापासून देशात लष्करी कायदा पुकारला गेलेला नाही. १९७५ ते १९७७ ची आणीबाणी ही घटनेतील तरतुदीखालील होती. तेव्हा 'मिसा'खाली झालेल्या स्थानबद्धता मुलकी सरकारच्या आदेशाने झाल्या, लष्कराच्या नव्हे. त्या अनुभवानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ मधील हक्कांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज झाली. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचा हक्क अनुच्छेद २२ मध्ये आहे. प्रतिबंधक स्थानबद्धता हा त्याला अपवाद आहे.

अन्य देशांनीही कटू अनुभवातून कुंपणे घातली. फर्डिनांड मार्कोस यांची लष्करी अमदानी भोगलेल्या फिलिपिन्सने १९८७ च्या राज्यघटनेत लष्करी कायद्याला प्रथम ६० दिवसांची मर्यादा घातली. 'हेबियस कॉर्पस'चा हक्क स्थगित असतानाही, अटक केलेल्यावर तीन दिवसांत न्यायालयात आरोप ठेवावा, अन्यथा त्याला सोडावे, असे तेथे बंधन आहे. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री पुकारलेला लष्करी कायदा तेथील संसदेने काही तासांत मतदानाने रद्दबातल ठरवला.

सोलापुरात मुदत, संसद आणि तत्काळ दाद यांपैकी काहीही नागरिकाच्या हाती नव्हते. उच्च न्यायालयाने प्रश्न तपासला, पण तोवर लष्करी अमदानी संपली होती. अटकेच्या विशेष अधिकारांविषयी जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा अधिकार किती मोठा आहे यापेक्षा अटक झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणापुढे उभे केले जाईल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.