आवाज काढून घेणारा माणूस

आजचा आपला माणूस गायक नव्हता, वादकही नव्हता. तरी लोक रेकॉर्ड विकत घ्यायचे ती त्याच्या नावावर. ऑसबॉर्न रडॉक त्याचं खरं नाव, पण जग त्याला किंग टबी म्हणून ओळखतं. जन्म १९४१चा, गाव जमैकाची राजधानी किंगस्टन. धंदा रेडिओ दुरुस्तीचा आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याचा.

मी स्वतः संगीत-निर्माता आहे आणि डब या प्रकाराचं मला वीस वर्षांचं वेड आहे. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

डब समजायचं तर आधी किंगस्टनच्या गल्ल्या समजायला हव्यात. तिथे १९५०च्या दशकापासून साउंड सिस्टीम नावाची गोष्ट होती. नुसते स्पीकर नव्हेत. मालक, रेकॉर्ड लावणारा, माइकवर बोलणारा, माणूसभर उंचीची खोकी वाहणारी पोरं, असं ते अख्खं फिरतं बिऱ्हाड असायचं. क्लबात जाणं ज्यांना परवडत नव्हतं, ती माणसं उघड्या अंगणात यावर नाचायची. दोन सिस्टीममध्ये चुरस असायची. कोणाकडे दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड आहे आणि कोणाचा बेस पोटात घुसतो, यावर गर्दी कुठे जाणार ते ठरायचं.

बेस म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. तबल्यातला डग्गा काढून टाका आणि मग ठेका ऐका, म्हणजे काय गेलं ते कळेल. पण त्या स्पीकरसमोर उभं राहणं हा प्रकार निराळाच. मी तो पहिल्यांदा अनुभवला गोव्यात, २०१६ साली सुरू झालेल्या गोवा सनस्प्लॅश या रेगे महोत्सवात. कानाआधी बरगड्यांना ऐकू आलं.

आता मूळ गोष्ट. १९६८च्या सुमारास स्पॅनिश टाउनचा एक सिस्टीममालक, रडी रेडवुड, ट्रेझर आयल या स्टुडिओतून द पॅरागॉन्सच्या एका गाण्याची खास प्रत कापून घेत होता. अशी प्रत मऊ लॅकरच्या तबकडीवर निघायची आणि थोड्याच वेळा वाजवली की झिजायची. कापताना गायकांचा आवाज घालायचा राहिला, वाद्यं तेवढी उतरली. रेडवुडने ती फेकली नाही. रात्री आधी गाणं लावलं आणि मग ही बिनआवाजाची तबकडी. लोकांनी गाणं स्वतःच म्हटलं! पुढे काही वर्षांत जमैकातल्या बहुतेक छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला अशी बिनगाण्याची ‘व्हर्जन’ येऊ लागली. कलेची क्रांती वगैरे म्हणतात, ते खरंच आहे. पण मागच्या बाजूसाठी दुसरं गाणं करून घ्यायचा खर्च वाचत होता, हेही तितकंच खरं.

टबी त्याच ट्रेझर आयलमध्ये तबकड्या कापायचं काम करत असे. त्याची स्वतःची सिस्टीमही होती, होमटाउन हाय-फाय. पुढे त्याने डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेला चार ट्रॅकचा मिक्सर घेतला आणि वॉटरहाउस वस्तीत, ड्रॉमिली ॲव्हेन्यूवरच्या घरात मांडला. गायकांची खोली म्हणजे न्हाणीघर. त्या मिक्सरवर एक मोठी गोल खुंटी होती. ती फिरवली की आवाजातले खालचे स्वर टप्प्याटप्प्याने गळून पडायचे. टबी ती वाद्यासारखी फिरवायचा. प्रतिध्वनी देणाऱ्या स्प्रिंगच्या पेटीवर थाप मारून गडगडाट काढायचा. टेपचं वेटोळं करून एकच शब्द घुमवत ठेवायचा. आणि हे सगळं टेप चालू असताना, एका दमात. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

ऑगस्टस पाब्लोचा १९७६चा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ हा अल्बम घ्या. त्याच्या शीर्षकगीताचं मूळ म्हणजे जेकब मिलरने गायलेलं प्रेमगीत. टबीने मिलरचे शब्द अर्ध्यावर तोडले. आवाज येतो, घुमतो, बुडतो. ड्रम कोसळतात, सगळं गप्प होतं, आणि मग बेस एकटाच चालत राहतो. शेकडो वेळा ऐकूनही त्या रिकाम्या जागेत माझा श्वास अडकतो.

पण मंडळी, तो एकटा चालणारा बेस वाजवला कोणी? या अल्बमवर बेससाठी रॉबी शेक्सपिअर आणि ॲस्टन बॅरेट यांची नावं आहेत. हे दोघे पुढे जगप्रसिद्ध झाले. बाकी कितीतरी वादकांना एका गाण्याचे ठरावीक पैसे हातावर मिळायचे आणि विषय संपायचा. त्यांची तीच चाल, जिला तिथे ‘रिदिम’ म्हणतात, निर्माता पुढे दहा गायकांखाली आणि दहा व्हर्जनांत वापरायचा. जमैका १९६२ साली स्वतंत्र झाला, तरी ब्रिटिशांचा १९११चा कॉपीराइट कायदाच तिथे चालू होता. नवा आला तो १९९३ साली.

ज्या कलेवर मी जीव टाकतो, तिचा पाया असा आहे. आणि मी काही वेगळा वागलो नाही. काही वर्षांपूर्वी एका बेसवादकाला एका दिवसाचे पैसे दिले आणि त्याची आठ मात्रांची ओळ चार गाण्यांत लावली. त्याला विचारलंही नाही. टबीचंच उदाहरण तेव्हा मी मनाशी सबब म्हणून वापरलं होतं.

१९८५ साली टबीचाच शिष्य प्रिन्स जॅमी याने कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधला तयार ठेका घेऊन ‘स्लेंग टेंग’ काढलं. तो ठेका घडवला होता कॅसिओतल्या हिरोको ओकुदा या तरुण जपानी बाईंनी. गाणं तुफान चाललं आणि किंगस्टनच्या स्टुडिओंत बेसवादकाला बोलावण्याची गरजच कमी झाली. टबीनेही नवा स्टुडिओ बांधून ही वाट धरली. पण ६ फेब्रुवारी १९८९ रोजी घराबाहेर त्याला कोणीतरी गोळी घालून मारलं. वय ४८. खुनी सापडला नाही.

हा भाग तयार करताना मी त्या बेसवादकाला फोन केला आणि उरलेल्या तीन गाण्यांचे पैसे देऊ केले. तो म्हणाला, “कुठली ओळ रे? जरा म्हणून दाखव.” मी फोनवर गुणगुणली. त्याला आठवली नाही. पण खाते क्रमांक त्याने लगेच पाठवला.

टबी ऐकणार असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे स्वर उतरतच नाहीत. हेडफोन लावा, किंवा शेजारी गावाला गेले असतील तर घरातले मोठे स्पीकर.