मतासाठी गिरवलेली बाराखडी

आमच्या आजोबांनी बाराखडी गिरवली ती मतासाठी. तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. चार एकर कोरडवाहू आणि थोडी मेंढरं, एवढाच पसारा. रात्री मारुतीच्या देवळात कंदील लागायचा आणि मास्तर मिशीवाल्या गड्यांना पाटीवर 'ग' काढायला लावायचे. "दिवसभर मेंढरामागं हिंडल्याला माणूस, पाटीवरच पेंगायचा," आजोबा हसत सांगायचे. "पर नाव लिवता आलं तरच मत. न्हाय तर पंच दुसऱ्यांनी निवडायचं आन् आपण वट्ट्यावर बसून बघायचं."

गाव आटपाडीकडचं, म्हणजे औंध संस्थानातलं. संस्थान तरी केवढं? औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचं गुणदाळ असे विखुरलेले चार तुकडे, सगळी मिळून 72 गावं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रं काढायचे, सूर्यनमस्कार घालायचे आणि शाळेतल्या पोरांनाही घालायला लावायचे. 1938 साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं. त्यांच्याभोवती तेव्हा दोन माणसं होती. एक विलायतेत शिकून आलेले त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. दुसरे मॉरिस फ्रीडमन, पोलंडचे इंजिनिअर. बंगळूरच्या कारखान्यातली नोकरी मागे टाकून त्यांनी भगवी कफनी घातली होती आणि भारतानंद हे नाव घेतलं होतं. आजोबा त्यांना 'पोलंडचा बुवा' म्हणायचे. तिघांनी सेवाग्रामला जाऊन गांधीजींशी खल केला आणि जानेवारी 1939 मध्ये औंधची स्वराज्याची घटना अमलात आली. गावानं पाच पंच निवडायचे, गावोगावच्या पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याचा कारभार बघायचा आणि तिथून प्रतिनिधी वर जायचे. अर्धा सारा गावातच राहायचा, असं आजोबा छाती फुगवून सांगत. मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, ही अट मात्र गांधीजींनी सुचवलेली.

औंधला लोक आजही यमाईच्या दर्शनाला आणि डोंगरावरचं चित्रसंग्रहालय बघायला जातात. स्वराज्याच्या त्या घटनेबद्दल तिथं कुणी विचारताना मी तरी ऐकलेलं नाही. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत निदान शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'मुळे माहीत आहे. पंचायतीवर सिनेमा निघत नाही.

आजीपाशी हीच गोष्ट वेगळी निघायची. आजोबा कंदिलाचं कौतुक सांगायला लागले की ती चुलीपुढून बोलायची, "मला काय कुणी नगं म्हणालं न्हवतं. पर कंदील लागायच्या वक्ताला भाकरी कुणी थापायच्या?" घरात त्या स्वराज्याचं मत एकच होतं, आजोबांचं. आजीला ते मिळालं 1952 च्या निवडणुकीत, अक्षर न शिकता. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि पेटीवर चिन्हाचा कागद डकवलेला असायचा. "चित्र वळाखलं, कागद टाकला, झालं. एवढ्यासाठी ह्यांनी वरीसभर पाटी झिजवली!" हे वाक्य तिनं आजोबांना मरेपर्यंत ऐकवलं. लहानपणी मला आजोबांची बाजू खरी वाटायची, कारण शाळेत आम्हालाही पाटीच झिजवावी लागत होती. आता वाटतं, औंधच्या प्रयोगावर आजीच्या त्या एका वाक्याइतकी नेमकी टीका दुसरी नसेल. त्या घटनेनं साक्षरतेचे वर्ग भरवले, हे मोठंच काम. पण सगळ्यात जास्त राबणारी माणसं त्या वर्गापर्यंत पोचणार कशी, याचं उत्तर तिच्यात नव्हतं.

8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं. त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत, नैरोबीला पाठवलं. जोमो केन्याटांशी त्यांची मैत्री जुळली. ती इंग्रजांच्या डोळ्यांवर आली आणि 1954 मध्ये अप्पासाहेबांना तिथून हलावं लागलं. आमच्या थोरल्या काकांना हे सगळं तोंडपाठ. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि त्यानंतर लवकरच काका पंचायत समितीत कारकून म्हणून चिकटले. त्यामुळे पुढे कित्येक वर्षांनी केनियाच्या संसदेतले काही सदस्य पंचायत राज बघायला आपल्या गावी येणार, असा निरोप आला तेव्हा त्यांना ती जवळजवळ सोयरीकच वाटली.

गावानं तयारीही सोयरिकीसारखीच केली. शाळेची भिंत रंगवली, फेटे बांधणारा आटपाडीहून बोलावला, हलगीवाले ठरले, मुलींचं लेझीम बसवलं. शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीची भाकरी पाहुण्यांना सोसेल का, यावर तर स्वतंत्र बैठक झाली. अडचण एकच होती. मे महिन्यातली ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली होती. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात, आणि आमच्याकडे तीसच्या पुढे कुणी येत नाही. शिवाय विषयपत्रिकेवर खालच्या वस्तीच्या नळाचं भांडण होतं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सुचवलं, "पाहुण्यांपुरती नमुना सभा घेऊ. दोन ठराव, टाळ्या, फोटो."

काका उखडले. "नमुना दावायचा असंल तर परदर्शन भरवा, भाऊसाहेब. सभा म्हणला तर सभाच व्हईल."

शेवटी तहकूब सभाच पाहुण्यांसमोर घ्यायचं ठरलं. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे कायदा सांगतो. पण त्या दिवशी परदेशी माणसं बघायला अख्खं गाव लोटलं आणि कधी नव्हे तो कोरम दुपटीनं भरला.

फेटे बांधून झाले, हलगी थांबली आणि वस्तीवरच्या बायकांनी तोंड उघडलं. पाइप अंथरून वर्ष झालं, पाणी येत नाही, पाणीपट्टीची पावती मात्र वेळेवर येते. सरपंच आमची वहिनी. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या, त्या आरक्षणात ती निवडून आली. प्रश्न तिला होता, पण उत्तराला उपसरपंच उठले. त्यांचं बोलणं दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं तशी पाहुण्यांतल्या एक पोक्त बाई म्हणाल्या, "सरपंच या बाई आहेत ना? मग हे कोण बोलतायत?" मांडवात हशा पिकला. उपसरपंच खाली बसले आणि वहिनीनं ठेकेदाराच्या बिलाची तारीख, थकलेली रक्कम, सगळं न अडखळता सांगितलं. तिला ते पाठ होतं. विचारायलाच कुणी आलं नव्हतं.

मागाहून कळलं, त्या बाई त्यांच्या देशातल्या 47 महिला प्रतिनिधींपैकी होत्या. 2010 च्या घटनेनं केनियात 47 काउंटी केल्या आणि प्रत्येक काउंटीतून एक बाई संसदेत जाते. त्यांच्या घटनेनं राष्ट्रीय महसुलाचा किमान 15 टक्के वाटा काउंट्यांना बांधून दिलाय. काकांनी लगेच औंधच्या अर्ध्या साऱ्याचा दाखला देऊन त्यांना मागे टाकलं. अप्पासाहेबांचं नावही त्यांनी मोठ्या आशेनं घेतलं. पाहुण्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लेझीम खेळणाऱ्या आमच्या पोरींनाही नव्हतं.

जेवताना मी आजी-आजोबांची गोष्ट काढली. बाई हातातली भाकरी ताटात ठेवून ऐकत राहिल्या. मग त्यांनी त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांची गोष्ट सांगितली. 1957 मध्ये केनियातल्या आफ्रिकन लोकांना पहिल्यांदा विधिमंडळावर आपले सदस्य निवडायला मिळाले, जागा अवघ्या आठ. मताला शिक्षण, मिळकत, नोकरी असल्या पात्रता. त्या जितक्या जास्त तितकी मतंही जास्त, एकेकाला तीनपर्यंत. त्यांच्या घरात एक चुलते शिक्षक होते, त्यांना एकाहून अधिक मतं. आजीला एकही नाही. "आमच्या आजीनंसुद्धा हे त्यांना मरेपर्यंत ऐकवलं," त्या म्हणाल्या. दुभाष्यानं मराठीत सांगायच्या आधीच काकू हसायला लागली होती. तिला कसं कळलं कोण जाणे.

जेवणानंतर ठराव लिहायचा राहिला होता. पंधरा दिवसांत वस्तीला पाणी, नाहीतर ठेकेदाराचं उरलेलं बिल थांबवायचं, इथवर एकमत झालं. पण प्रोसिडिंगमध्ये सूचक कोण आणि अनुमोदक कोण, यावर पुन्हा जुंपली. उपसरपंचांना सूचक व्हायचं होतं, वस्तीवरच्या बायका म्हणत होत्या की नाव त्यांच्यातलंच लागेल. पाहुण्यांच्या सोबतचा अधिकारी सारखा घड्याळ बघत होता, सांगलीची पुढची बैठक चुकत होती. बाई त्याला म्हणाल्या, "थांबा हो, नाव कुणाचं लागतं ते बघून जाऊ." आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.