फरशी बदलली, खालचा माल तोच राहिला

घरातल्या फरशीवर एकदा एक रुपयाचं नाणं ठोकत फिरून बघा. बहुतेक ठिकाणी भरीव 'टक्‌ टक्‌' ऐकू येईल. एखाद्या ठिकाणी मात्र रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा आवाज येईल. वरून ती फरशी चांगली अखंड, चकचकीत असते. पण तिच्या पोटाखाली हवा असते. नव्या फ्लॅटमध्ये हे सर्रास सापडतं. विचारलं तर साइटवरचा माणूस म्हणतो, 'एवढं चालतंच.' घरचे म्हणतात, 'हल्लीची कामंच तशी.' यातलं एकही उत्तर कारण सांगत नाही. कारण शोधायचं तर फरशी उलटी करून बघावी लागते, आणि थोडा इतिहासही उलटावा लागतो.

आपल्याकडे साध्या घरातली जमीन म्हणजे मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसाने चोपलेली आणि शेणाने सारवलेली. तिथे वर फरशी आणि खाली माल असे वेगळे थर नव्हते, त्यामुळे त्यांच्यात पोकळी राहायचा प्रश्न नव्हता. जमीन उखडायची जरूर, पण दुरुस्तीचं सामान गोठ्यात असायचं आणि राबणारे हात घरातल्या बाईचे.

मग दगड आला. 1871 मध्ये मुंबईहून सोलापूरमार्गे निघालेली रेल्वे रायचूरला मद्रासच्या रेल्वेला जोडली गेली. गुलबर्ग्याजवळचं शहाबाद याच वाटेवर. तिथला चुनखडीचा दगड थराथरांनी सुटतो, म्हणजे निसर्गानेच अर्ध्या फरश्या कापून ठेवलेल्या. वाडे, चाळी, शाळा, स्टेशनं, सगळीकडे शहाबादी पोचली. ही फरशी जाड, खालून खडबडीत, आणि चुन्याच्या मालात बसवलेली. चुना सावकाश घट्ट होतो आणि खडबडीत दगडाला धरून ठेवतो.

श्रीमंतांच्या आणि सरकारी इमारतींत त्याच काळात इंग्लंडहून मिंटनच्या नक्षीदार टाइल्स येत होत्या. 1872 मध्ये लोकांसाठी उघडलेल्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भायखळ्याच्या संग्रहालयात त्या अजून बघायला मिळतात. परदेशी टाइल्सना देशी उत्तर द्यायचं तर सिमेंट हवं होतं. पोरबंदरला 1914 मध्ये भारतीय पोर्टलंड सिमेंटचं उत्पादन सुरू झालं. 1922 मध्ये, स्वदेशीच्या भरात, सिधवा कुटुंबाने मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली. या लाद्या भाजत नसत. साच्यात रंगीत सिमेंट, मागे सिमेंट-वाळू, वरून दाब, आणि मग पाणी पाजून पक्क्या करायच्या. जुन्या मुंबईतल्या घरांत पायाखाली दिसणारी फुलं आणि वेलबुट्टी बहुतेक या जातीची. पुढे संगमरवराच्या चिपांची मोझॅक आली आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीचे फ्लॅट तिनेच भरून गेले.

शहाबादीनंतरच्या या सगळ्या सिमेंटच्या लाद्यांचा एक गुण समान होता. त्यांची पाठ पाणी प्यायची. मोझॅक लादीसाठीचं भारतीय मानक तिच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत पाणी शोषायला परवानगी देतं. म्हणून मिस्त्री लाद्या आधी बादलीत भिजवायचा, नाहीतर कोरडी लादी मालातलं पाणी एकदम ओढून घेईल. मग सिमेंटचा घोळ त्या बारीक छिद्रांत शिरायचा, तिथेच घट्ट व्हायचा, आणि हजारो सूक्ष्म मुळं रुजल्यासारखी लादी बसायची. पिढ्यान्‌पिढ्या गवंड्यांनी हेच तंत्र शिकलं आणि शिकवलं.

मग व्हिट्रिफाइड टाइल आली. या टाइलची माती जबरदस्त दाबाने दाबतात आणि साधारण 1200 अंशांवर भाजतात. आतली छिद्रं जवळपास बंद होतात. पाणी शोषण्याची मर्यादा फक्त 0.5 टक्के. डाग पडत नाही, पॉलिश लागत नाही, पुसलं की स्वच्छ. गुजरातमधलं मोरबी या धंद्याचं देशातलं सगळ्यात मोठं केंद्र झालं. त्या भागातल्या पॉटरी उद्योगाच्या सुरुवातीच्या मंडळींत परशुराम पॉटरीचे गणपुळे हे मराठी नावही आहे. 2000 नंतरच्या दोन दशकांत मोझॅक नव्या घरांतून जवळजवळ हद्दपार झाली.

पण जी काच झाल्यामुळे टाइलवर डाग पडत नाही, तिच्यामुळेच सिमेंटही तिला धरत नाही. वरची बाजू आणि पाठ एकाच मातीची. आमच्या भाषेत सांगायचं तर एक लायब्ररी नव्या व्हर्जनवर गेली आणि तिच्यावर अवलंबून असलेला कोड जुनाच राहिला. नवा कोड उपलब्ध नव्हता असंही नाही. अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग या केमिकल इंजिनिअरने 1956 मध्ये लॅटिक्रीट ही कंपनी काढली ती सिमेंटमध्ये लॅटेक्स मिसळून चिकटपणा वाढवणाऱ्या मालासाठीच. आज असं टाइल ॲडहेसिव्ह आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, त्यासाठी भारतीय मानकही आहे.

माझ्या नव्या घरात हॉलमधल्या काही फरश्या पोकळ वाजत होत्या आणि एक तर पाय ठेवला की हलायची. ती काढायला आलेल्या काकांनी आधी कडेचे सांधे कटरने कापले, म्हणजे शेजारच्या फरश्यांना तडा जाणार नाही. फरशी अलगद निघाली. पाठ कोरी होती, दुकानातून आत्ताच आणल्यासारखी. खाली वाळलेल्या मालावर तिच्या नक्षीचा ठसा मात्र स्पष्ट उमटलेला. काकांनी पाठीवर बोट फिरवलं. भट्टीतली पांढरी पूड बोटाला लागली.

"ही घासून काढावी लागते," ते म्हणाले.

"मग साइटवर का नाही काढत, काका?"

"चौरस फुटावर मजुरी मिळते. घासत बसलो तर दिवस जातो. आणि गोणी येते ती साध्या सिमेंटची. माहीत सगळ्यांना असतं."

त्यांनी जुना माल खरवडला, धूळ काढली, दातेरी थापीने ॲडहेसिव्ह पसरलं, फरशीच्या पाठीलाही लावलं, कडेला बारीक सांधा सोडला आणि चोवीस तास पाय ठेवू नका म्हणून सांगितलं. सांधा सोडणंही महत्त्वाचं. नवं काँक्रीट सुरुवातीची काही वर्षं आकसत असतं, फरशी उन्हाने फुगते. जोडाला जोड भिडवली तर ताण निघायला जागा उरत नाही, आणि कधीतरी भर दुपारी फरश्या फटकन उचलल्या जातात.

म्हणून 'हल्लीच्या कामगारांना काम येत नाही' हे वाक्य मला आता पटत नाही. काकांना काम येत होतं. त्यांच्या हातात काय माल द्यायचा आणि किती वेळ द्यायचा, हे दुसरंच कोणीतरी ठरवत होतं. त्या ठरवण्यातून वाचलेले पैसे एकाच्या खिशात जातात आणि पोकळी वीस वर्षांचा हप्ता भरणाऱ्याच्या घरात राहते.

2016 चा रेरा कायदा इथे उपयोगी पडतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तेव्हा नाणं ठोकून झालं की पोकळ फरश्यांवर खडूने खुणा करा, फोटो काढा आणि तारीख घालून लेखी कळवा. दुरुस्तीला कोणी आलं तर गोणीवर काय लिहिलंय ते वाचा. पुन्हा साधंच सिमेंट असेल, तर काम सुरू होण्याआधी थांबवा.