जिवाणी कुठे सोडायची

माझी आत्या जन्माने जळगावची, पण लग्न होऊन बुऱ्हाणपूरला गेली ती पुरती तिकडचीच झाली. बोलण्यात अर्धी हिंदी, अर्धी खानदेशी. पाणी मात्र आमच्या आजीच्याच रीतीने प्यायची, दुहेरी फडक्यातून गाळून. पाणी गाळणारी घरं आपल्यात अजून पुष्कळ आहेत. पण गाळल्यावर फडक्यात जी राहते ती जिवाणी, आणि ती ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग आपण बहुतेकांनी कधीच मोरीत ओतून टाकलाय. आत्याने तो सोडला नव्हता. तिच्याकडे बुडाशी कडी असलेली एक छोटी पितळी बादली होती. दोराने खाली सोडायची, पाण्याला टेकली की उलटी करायची. वरून फेकायचं नाही, जिवांना मार लागतो.

पुढे त्यांच्या केळीच्या शेतात बोअर घेतली, विहीर आटली, आणि आत्या अडून बसली. "सहा इंचाच्या नळीत जिवाणी सोडू कशी मी?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला होता.

ते बोलणं पुन्हा आठवलं ते कुंडी भंडाऱ्यात उतरताना.

बुऱ्हाणपूर फारुकी सुलतानांनी वसवलं, खुलदाबादला ज्यांची कबर आहे त्या सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि हे गाव मोगलांच्या दख्खन मोहिमेचं मुख्य ठाणं झालं. फौजा, हत्ती, घोडे, कारकून, व्यापारी, सगळ्यांना पाणी हवं. तापी उशाशी होती, पण नदी पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात रोडावलेली. शिवाय शत्रूने वरच्या अंगाला विष कालवलं तर काय, ही धास्ती होती असं आजही तिथे सांगतात. तेव्हा सुभेदार अब्दुल रहीम खानखानान, म्हणजे दोहे लिहिणारा तोच रहीम, याच्या काळात 1615 च्या सुमारास उत्तरेकडच्या सातपुड्याच्या पायथ्यापासून जमिनीखालून पाणी आणायचं काम झालं. त्याच वर्षी इंग्रजांचा वकील सर टॉमस रो इथे येऊन शहाजादा परवेझला भेटला होता. त्याच्या पायाखाली कुठेतरी खोदकाम चालू असेल, असं मला उगीच वाटत राहतं.

ही रीत इराणची, कनाताची. डोंगराच्या कुशीत जिथे भूजल वर असतं तिथे पहिली विहीर घ्यायची. मग तिथून गावाकडे ओळीने विहिरी खोदत जायचं आणि त्यांचे तळ बोगद्याने जोडायचे. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे पाणी आपल्या वजनाने वाहत अखेर वर येऊन भेटतं. ना मोट, ना रहाट. मधल्या विहिरी म्हणजे कुंड्या. खोदलेली माती वर काढायला, हवा खेळायला आणि पुढे सफाईला. कुंडी भंडाऱ्यावर अशा शंभराच्या वर कुंड्या आहेत. एकूण आठ भंडारे होते असं सांगतात. मूल भंडारा, चिंताहरण, सुखा भंडारा ही त्यांतली नावं. मूल आणि चिंताहरणाचं पाणी जाली कारंजात जमा होऊन शहरात जाई.

हे काम करणाऱ्याचं नाव सगळीकडे 'तबकुतुल अर्ज' असं देतात, फारसी भूगर्भतज्ज्ञ म्हणून. मला त्या नावाची शंका येते. तबकात-उल-अर्ज म्हणजे जमिनीचे थर. उर्दूत भूगर्भशास्त्रालाच तसं म्हणतात. माणसाचं नाव बहुधा हरवलं आणि त्याच्या विद्येचं नाव त्याला चिकटलं. खोदणाऱ्या हातांची नावं तर कुणी विचारलीच नाहीत.

एक गंमत राहिली. ज्याच्याशी खानखानान आयुष्यभर लढला तो मलिक अंबर. त्यानेही त्याच दशकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, याच जातीची नहर आणली. दोन छावण्या एकमेकींवर धावून जात होत्या आणि दोन्हीकडचे कारागीर जमिनीखाली एकच विद्या राबवत होते.

आता लिफ्ट आहे. एका कुंडीतून सुमारे 80 फूट खाली उतरता येतं. पिंजरा थांबला की गार हवा अंगावर येते, पायाखाली वाहतं पाणी, आणि भिंती पांढऱ्या. सोबतचा माणूस म्हणाला, "मार्बल है, दीदी." मार्बल नाही तो. चुना आहे.

खऱ्या गुहा चुनखडीच्या मुलखात होतात, मेघालयात, आंध्रात बेलमला, बस्तरात कुटुमसरला, जिथल्या अंधारात राहून राहून माशांचे डोळे गेलेत. आपला सगळा मुलूख काळ्या दगडाचा. त्यात पाणी अशी गुहा कोरत नाही. अजिंठा, वेरूळ माणसांनी कोरलं. पण पाण्याची रीत तीच. पाऊस मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतो, पाणी किंचित आम्ल होतं, दगडामातीतलं कॅल्शियम विरघळवत खाली जातं. बोगद्यात मोकळी हवा भेटली की वायू उडून जातो आणि चुना मागे राहतो. चहाच्या भांड्याला पुटं धरतात त्याचाच हा मोठा भाऊ. बेलममधले सुळके असेच लोंबले. इथे माणसाने केलेल्या भुयाराला पाणी चारशे वर्षं आतून लिंपत आलंय.

आणि तीच अडचण आहे. पुटं वाढली की वाट अरुंद होते, पाणी तुंबतं. कुंड्या मूळ सफाईसाठीच होत्या. उतरून खरवडणारी माणसं गेली, तेव्हापासून चुना आपलं काम बिनबोभाट करतोय. वरून कुणी कुंडीत कचरा टाकतं, कुठे काठ ढासळतो. 2024 मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. इराणच्या 11 कनातांना जागतिक वारशाचा मान 2016 मध्येच मिळालाय. आनंद आहे. पण यादीत भुयार जातं, डोंगर जात नाही.

कारण खरं पाणी वरच्या पट्ट्यात आहे. सातपुडा उतरताना ओढ्यांनी टाकलेले गोटे, वाळू, माती यांचा जाड थर पायथ्याशी पसरलाय. जाणकार त्याला बझाडा म्हणतात. यावल, रावेरपासून बुऱ्हाणपूरपर्यंत तोच. पाऊस तिथे घटाघट मुरतो. कनात त्या साठ्यातून जेवढं आपणहून पाझरेल तेवढंच घेतं. पाणी खाली गेलं की तेही थांबतं. बोअर थांबत नाही. ती खोल जाते, मग शेजारची आणखी खोल. या पट्ट्यातली केळी देशभर जाते, आणि केळीला पाणी किती लागतं हे मला सांगायला नको. आमच्याच घरची केळी आहे. आमचीच बोअर आहे. 2025 च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापीचं पुराचं पाणी याच पट्ट्यात मुरवायचा करार केला. होईल तेव्हा होईल. तोवर उपसा चालूच आहे, आमचाही.

मी एका बाटलीत कुंडीचं पाणी भरून आत्याला नेलं. वाटलं, खूश होईल. तिने बाटली हातात धरली आणि बाजूला ठेवली.

"गाळलंस कुठे?"

"इथे गाळू ना, आत्या."

"आन् जिवाणी? ती काय माझ्या संडासात सोडशीन? भरलंस तिथंच गाळायचं अस्तं, बाई."

दुसऱ्या दिवशी तिचं फडकं आणि पितळी बादली घेऊन मी परत गेले. लिफ्टवाल्याने बादलीकडे पाहिलं, काही विचारलं नाही. खाली गुडघाभर पाण्यात उभी राहून गाळलं. मोबाईलच्या उजेडात फडक्यावर डोळ्यांना दिसेल असा जीव एकही नव्हता, चुन्याचे चार कण होते. फडकं उलटं करून वाहत्या पाण्यात धुतलं. काल ज्यात बाटली बुडवली ते पाणी तर केव्हाच लालबागेकडे गेलं असेल.

घरी आले तर आत्या ओट्यावर वाट बघत बसलेली.

"हळू सोडलीस ना?"

"हो."

मग तिने पेला पुढे केला.