शिकविणाऱ्यांची शाळा

इ. स. १७८० मध्ये इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी गरीब मुलांसाठी शब्बाथशाळा चालविली, तेव्हा शिकविणाऱ्या स्त्रियांस दिवसाला एक शिलिंग मिळे. पुढे वेतन गेले व स्वयंसेवक आले. सेवा निःस्वार्थ झाली. परंतु तयारीचे काय? ही उणीव ओळखून जॉन व्हिन्सेंट व लुईस मिलर यांनी १८७४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील शटॉक्वा सरोवराकाठी शब्बाथशाळा-शिक्षकांचे पंधरवड्याचे शिबिर भरविले. तेथे शास्त्राभ्यासाबरोबर अध्यापनपद्धतीचेही शिक्षण मिळे. आपल्याकडेही १८७६ मध्ये अलाहाबादेस भारतीय शब्बाथशाळा संघ स्थापन झाला. यातून बोध हाच, की विनावेतन सेवा म्हणजे विनातयारी सेवा नव्हे. स्वयंसेवकास मुलांपुढे उभे करण्यापूर्वी त्याला शिकविणे, हे पाळकाचेच कर्तव्य होय.