टोपली आणि पास

आपले पूर्वज बहुतांशी कोकणातून, मुंबई बंदरातून मॉरिशसला आले. त्याच कोकणातून आज माणसे सौदी अरेबियाला जातात. तेथे कामगाराचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कफिलाच्या, म्हणजे मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. त्याचे काम सोडून रस्त्यावर स्वतःची भाजी विकणे हा गुन्हा ठरतो. कागदपत्रे नीट करण्याची मुदत ३ नोव्हेंबर २०१३ रोजी संपली आणि दुसऱ्याच दिवशी धरपकड सुरू झाली.

हे आपल्याला नवे नाही. करार संपल्यावर आपल्यापैकीही कित्येकांनी टोपली उचलून फेरी धरली. १८६७ च्या कायद्याने अशा जुन्या मजुरांवर छायाचित्र लावलेला पास सक्तीचा केला. पास नसेल तर भटका ठरवून तुरुंग. १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या साह्याने गव्हर्नरकडे अर्ज केला, तेव्हा १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग आला.

मालकाविना चार पैसे मिळवणे हीच मजुराची पहिली मोकळीक. सौदीतल्या फेरीवाल्याला गुन्हेगार म्हणण्याआधी आपण मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली पूर्वजांची छायाचित्रे एकदा पाहावीत.